मायाक्काच्या दातांखालचा कोपरा

माझा एक कोपरा कुरतडला गेला आहे, हे ज्या सकाळी दवाखान्यात उघड झाले, त्या सकाळी सगळ्यांनी उंदराला दोष दिला. मला खरे माहीत होते. मित्रांनो, चादरीला बोलता येत नाही, पण लाज वाटते.

मी सोलापुरात विणलेली एक जुनी चादर आहे. बिरप्पाने आपल्या लग्नात मला तिथल्याच शुक्रवार पेठेतून घेतले. त्याची बायको केराबाई मला फार जपायची. पाहुणे हात फिरवून म्हणायचे, काय घट्ट वीण आहे. दुष्काळानंतरच्या वर्षी केराबाई तापाने गेली आणि मी पेटीत पडून राहिले.

पुढे त्यांच्या लहानग्या लेकीचे, मायाक्काचे, अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, तेव्हा बिरप्पाने मला तिच्या अंगावर घातले. शेजारच्या खाटेवर शिवयोगी नावाचा मुलगा होता. त्याचेही तेच ऑपरेशन. तो "अव्वा, अव्वा" अशा आईला हाका मारून वॉर्ड डोक्यावर घ्यायचा. सिस्टर म्हणायच्या, तुझा आवाज सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जातोय. आणि त्याला दुखणे थांबवायचे इंजेक्शन द्यायच्या. मायाक्का माझा कोपरा तोंडात धरून दात आवळायची. तिचे कण्हणे माझ्यातच जिरायचे. हिला फारसे दुखत नाही, असे समजून सिस्टर पुढे जायच्या. बिरप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "लई गुणाची हाय. आय गेली तवाबी रडली न्हाय."

माझी वीण एवढी घट्ट नसती तर बरे झाले असते.

त्या सकाळी सिस्टर उंदरासाठी पिंजरा मागवायला निघाल्या, तेव्हा मायाक्का म्हणाली, "उंदीर न्हाय. मीच चावली."

"दुकत हुतं तर सांगायचं की," बिरप्पा म्हणाला.

"आप्पा, तुमीच म्हनला की, शानी पोर रडत न्हाय."

सिस्टरांनी खाली बघतच इंजेक्शन आणले. त्यानंतर प्रत्येक फेरीला त्या आधी तिला विचारू लागल्या. बिरप्पा माझी कुरतडलेली कड हातात धरून भिंतीकडे तोंड करून बसला.

मित्रांनो, कुणी ओरडते, कुणी दात आवळते. टाके दोघांनाही दुखतात. जो गप्प असतो, त्याला आपण होऊन विचारा.

आता आम्ही घरी आहोत. टाके निघाले. बिरप्पाने माझा कोपरा शिवला. मायाक्का अजूनही तो तोंडाशी धरून झोपते. आई गेली तेव्हा तुला किती दुखले, हे मात्र त्याने तिला अजून विचारलेले नाही.