साइटची बोहनी

"वाचता येत नाही का हो, बाबा?" काउंटरवरची तनुजा एवढ्या जोरात ओरडली की आत सर्व्हरच्या खोलीत मला ऐकू आलं. "मेसेजमध्ये लिंक पाठवली होती ना, ऑपरेशनच्या दिवशी उपाशी यायचं म्हणून?"

मी बाहेर आलो. एक म्हातारा बायकोला सावरून उभा होता. केरबा त्याचं नाव, हर्सूलच्या पुढं मेंढरं राखतो. त्याच्या बानाबाईच्या पित्ताशयात खडे, आणि ते काढणारे सर्जन आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येतात. तिनं सकाळी भाकरी खाल्ली होती. म्हणजे आणखी महिनाभर कळा सोसणं आलं.

"येतंय की वाचता," केरबा म्हणाला. "चौथी पास हाय म्या. फोन बी मराठीत करून घेतलाय. पर तुमचं पान समदं विंग्रजी. मला वाटलं, जाहिरात हाय."

त्याचा फोन मी हातात घेतला. खरंच मराठीत होता. आणि उपाशी येण्याच्या सूचनांचं मराठी पान सर्व्हरवर पडून होतं. सिस्टर रूपाला विचारून विचारून मीच लिहिलेलं! मग ते गेलं कुठं?

तासाभरात चूक सापडली, आणि ती माझीच निघाली. कुठलाही फोन पान मागताना सोबत सांगतो, मला मराठी द्या, नसेल तर हिंदी, नाहीतर इंग्रजी. आमचा सर्व्हर ते ऐकतोही. पण साइट जलद उघडावी म्हणून मी मधे एक सोय बसवली होती. रोज आठला जुनी प्रत पुसायची, पहिल्या माणसाला गेलेलं पान जपून ठेवायचं आणि दिवसभर तेच सगळ्यांना वाटायचं. त्या शहाणपणात भाषेचा विचारच केला नव्हता.

आता पहिला माणूस कोण? आमचे व्यवस्थापक नानासाहेब. रोज आठाच्या ठोक्याला कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळून ते साइटचं एकेक पान उघडून बघतात. त्याला ते साइटची बोहनी म्हणतात. त्यांचा कॉम्प्युटर इंग्रजीत. झालं! दिवसभर अख्ख्या जिल्ह्याला इंग्रजी.

मी त्यांच्याकडं जाऊन सगळं सांगितलं.

"माझ्या बोहनीत खोट काढतो व्हय रे, सोमनाथ?"

"तसं नाही साहेब. एक ओळ बदलायची आहे. प्रत्येक भाषेची प्रत वेगळी ठेवली की..."

"ट्रस्टच्या मीटिंगशिवाय हात लावायचा नाय. अन् विंग्रजी दिसतंय तेच झ्याक हाय. मोठी लोकं बघत्यात. मराठी ठेवलं की लई गावठी वाटतं."

समोरच्या बशीत त्यांनी चघळलेली सुपारी थुंकली. मला त्या बशीची शिसारी आली, त्या उदबत्तीची आली. आणि मी काय म्हणालो? "हो साहेब." मार्चमध्ये माझं कंत्राट संपत होतं ना! निदान केरबाला फोन करून नीट सांगायचं, तर तेवढंही केलं नाही. पुंडलिकनगरला घरी जाऊन गरम वरणभात जेवलो. थू माझ्या जिंदगीवर.

महिन्यानं ती दोघं परत आली. बानाबाई खुर्चीत कलंडली होती, ओठ फुटलेले.

"आजी, सकाळी काही खाल्लं का?" तनुजानं विचारलं.

"परवा सांजपासनं काय बी नाय," केरबा म्हणाला. "पानी सुदिक नाय. पान पुन्हा तेच विंग्रजी आलं. किती येळ उपाशी ऱ्हायचं ते कळंना. म्हनलं, ह्या खेपेला चूक नको."

सर्जन खेकसले, "अहो, असं दोन दोन दिवस कोण उपाशी ठेवतं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

केरबानं मान खाली घातली. नानासाहेब तिथंच उभे होते, ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. मी सलाईनचा स्टँड आणायला वळलो. सलाईन लावलं, आणि दुपारी तिला ऑपरेशनला आत नेलं.

मग मी सर्व्हरच्या खोलीत गेलो आणि कुणालाही न विचारता ती ओळ बदलली. दोन मिनिटं लागली. एका महिन्याची कळ आणि दोन दिवसांचे हाल, ह्या दोन मिनिटांपायी!

केरबा बाकावर बसला होता.

"बाबा, आता ते पान उघडा. मराठीत येईल."

"ऱ्हाऊ द्या सायेब. आता पाठ झालंय."

त्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती. मी म्हणालो, "मग तुम्ही तरी खाऊन घ्या."

"ती उपाशी अन् म्या खाऊ व्हय?" तो म्हणाला. "दोघांनी बी परवाच जेवान सोडलं."

त्यानं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि ऑपरेशनच्या दाराकडं बघत बसला.