मालकीण

आत्या वैशाखात गेल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई. देवगाव फाट्यावरचा आमचा शिलाई कारखाना त्यांच्याच नावाचा. कारखाना कसला, पत्र्याचं शेड आणि आठ-दहा मशिनी. पण सरकारी खरेदीतला काही हिस्सा बायकांच्या छोट्या उद्योगांकडूनच घ्यायचा असा नियम आहे. त्यामुळे वसतिगृहाच्या चादरींची, खोळींची ऑर्डर दरसाल आमच्याकडं यायची. आत्यांनी खाट धरल्यापासून कापायची मी, शिवायची मी, तपासायची मी. पाटीवर नाव मात्र त्यांचं. जाऊ दे म्हटलं, कधीतरी आपलं लागेल.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी माझा नवरा भुजंग हात जोडून म्हणाला, "आई, कारखाना तुझ्याच नावानं चालवतो." शब्द संपायच्या आत कावळ्यानं भातात चोच मारली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझा जीव जळला. बाईनं मेल्यावरसुद्धा पाटी सोडली नाही!

पुढं परभणीच्या हाफिसातून फोन आला. मालकीणबाईंशी व्हिडिओवर बोलून पडताळणी करणार, मगच ऑर्डर.

"आता तरी माझं नाव लावा," मी म्हटलं.

"नाव बदलाय गेलं तर औंदाची ऑर्डर बोंबलली. आई गेली हे हाफिसात कुणाला ठाव हाय? दिपाली, तूच बस तिच्या जागी. पदर फुडं वढ, चष्मा लाव. हितं रेंज लय खराब हाय, कोण वळखतंय?"

"आन् माझं नाव?"

"फुडच्या साली लावू. आईशप्पत."

हे 'फुडच्या साली' ऐकून माझे केस पिकायला आले होते. तरी बसले. ऑर्डर गेली असती तर पाटी लावायला शेडसुद्धा उरलं नसतं.

आत्यांचं जांभळं लुगडं नेसले. भरदुपार होती, रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होते. भुजंगनं फोन मशिनीला टेकवून ठेवला आणि तो दाराआड उभा राहिला. पडद्यावर साहेब आले, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी.

ती मी नव्हते. चौकटीत आत्या बसल्या होत्या. हनुवटीवरचं गोंदण, पुढचा तुटका दात, सगळं त्यांचंच. आधी त्यांनी मान हलवली, मग माझी हलली. भुजंगकडं बघावं म्हटलं तर मान वळेना.

"मालकीण तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

चौकटीतले ओठ हलले. मग माझ्या तोंडातून आवाज निघाला, खरखरीत, तंबाखूनं बसलेला. "व्हय साहेब. मीच. पैल्यापासून."

"काम कोण बघतं?"

"सून बघायची समदं. लय गुणाची. तिची शिलाई उसवू म्हटलं तरी उसवायची न्हाई."

जन्मात पहिल्यांदा त्या बाईनं माझं कौतुक केलं, तेही माझ्याच तोंडून. मला रडू आलं, पण डोळे कोरडेच राहिले.

"आता कुठं आहे ती?"

"गेली साहेब. वैशाखात."

"अरेरे," साहेब म्हणाले. मी जिवाच्या आकांतानं ओरडायला गेले. आत्यांनी तोंड मिटून घेतलं, तसं माझंही मिटलं.

ऑर्डर मंजूर झाली. फोन बंद झाला, चौकट गेली. आता तरी सुटले असं वाटलं. भुजंग दाराआडून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. 'अहो, त्या काय बोलल्या ऐकलंत ना?' असं मी म्हणणार होते. बाहेर आलं ते वेगळंच.

"भुजंगा, ये रं लेकरा."

तो येऊन पायाशी बसला आणि त्यानं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. माझा हात त्याच्या केसांतून फिरायला लागला. मी तो फिरवत नव्हते.

"आई, ऑर्डर आली बग," तो म्हणाला. "दिपाली असती तर लय खूश झाली असती. तिच्या दहाव्याला कावळा शिवंनाच की. 'फुडच्या साली पाटीवर तुझं नाव लावतो' म्हनलो तिला, तवा कुटं शिवला."