पाठीवरचा डबा

आज सकाळपासून ऊन असं पेटलंय की गोठ्याच्या पत्र्याला हात लावला तर भाजावा. वारा नाहीच. म्हशीसुद्धा जीभ काढून बसल्यात.

असल्याच दिवसांत पूर्वी माझी आठवण व्हायची. मी पोहायला शिकवणारा डबा. मूळचा गोडेतेलाचा. तेल संपल्यावर बाळासोंच्या वडलांनी माझं तोंड कथलाचा डाक देऊन बंद केलं, दोन कड्या लावल्या आणि पोटात नुसती हवा ठेवली. ती हवा हीच माझी सगळी कमाई.

कागलच्या रस्त्याला बाळासोंचा मळा, मळ्यात विहीर. सुट्टी लागली की वीस-पंचवीस पोरं यायची. कोण चड्डीवर, कोण परकर खोचून. एकेकाच्या पाठीला मला बांधायचे आणि द्यायचे ढकलून. पोरगं बोंबलायचं, पाणी प्यायचं, पण वर यायचं. आठ-दहा दिवसांनी मला सोडून विहिरीच्या मध्यावर भिरकावायचे. पोरगं एकटं पोहत यायचं आणि मला काठाला घेऊन जायचं. मग सगळे ओरडायचे, "सुटलं रे सुटलं!" शेजारच्या मळ्यातली शालूबाई सात वर्षांची असताना अशीच सुटली. बाळासोंचा सम्राटपण. ज्याला मी नको झालो, त्याच्याच काखेतनं मी बाहेर यायचो. एवढं सुख कुणाला मिळतंय?

मग पोरं यायची थांबली. कुणी मुद्दाम थांबवली नाहीत. एका सुट्टीला दहा आली, पुढच्या सुट्टीला तीन. मला गोठ्यात खुंटीला अडकवलं, त्याला वीस वर्षं झाली. गोठ्याची ओल माझ्या पत्र्यात शिरली. खालच्या कोपऱ्यात भोक पडलं आणि त्यावर गंजाची खपली धरली. मला कळत होतं. सांगू कुणाला?

आता मळ्यात प्लॉट पडलेत. उद्या विहीर बुजवायला मुरमाच्या ट्रॉल्या येणार. सम्राटची लेक संयोगिता नऊ वर्षांची, सुट्टीला आलेली. त्यांचं घर पंचगंगा नदीच्या बाजूला. पुराचं पाणी दोनदा दारात आलेलं, आणि पोरीला पोहता येत नाही. बाळासोंना हेच खात होतं.

सकाळी त्यांनी मला काढून धडुत्यानं पुसलं.

"आबा, हे तर भंगार आहे की!"

"भंगार? तुझ्या बाला ह्येनंच तारलाय. वळ तिकडं."

पूर्वी बांधायच्या आधी मला पाण्यात दाबून बघायचे, बुडबुडे येतात का ते. आज घाईत बाळासो विसरले. गाठ आवळली. मी आतल्या आत सांगत होतो, बघा हो, एकदा तरी बुडवून बघा.

पोरीनं उडी मारली. वर आली. हसली. "आबा, तरंगतेय मी!"

तेवढ्यात खपली सुटली. पोटात गार पाणी शिरलं, गपचीप. मी जड होत गेलो. जिला वर धरायचं तिलाच मी खाली ओढत होतो, आणि गाठ काही सुटत नव्हती. तिचं नाक पाण्यात गेलं. बाळासोंच्या गुडघ्यांत जोर नाही. ते पायरीवर जीव तोडून ओरडत होते, "शालू! अगं शालू, पळ!"

आता साठीची झालेली शालूबाई विहिरीजवळच्या दगडावरचं धुणं टाकून लुगड्यासकट पाण्यात पडली. पोरीला काठाला आणून तिनं तिथंच पडलेल्या विळ्यानं गाठ कापली. पोरगी पाणी ओकली, रडली. वाचली.

घरातनं सम्राट पळत आला. "आबा, बस्स झालं. परत हिला पाण्याजवळ न्यायचं नाही." पोरीनं बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. विहिरीकडं बघायलासुद्धा तयार नाही. दुपारीच त्यांची गाडी गेली. बाळासो अजून पायरीवर बसून आहेत.

उद्या मुरूम पडेल. नदी मात्र जिथली तिथं राहणार, पाणी परत दारात येणार, आणि त्या पोरीच्या अंगात आता भीती बसली. ती मी बसवली. बाबांनो, तुमच्याकडं एखादी विहीर उरली असेल तर ह्याच सुट्टीत पोरांना न्या. पाया पडतो. पण डबा आधी बुडवून बघा.

शालूबाईनं मला उचलून भोकाची बाजू खाली केली. सगळं पाणी गळेतोवर तसंच धरलं. मग ओला पदर पिळत म्हणाली, "तुजं न्हाय रे काय चुकलं. आमीच वीस वर्सं तुज्याकडं एक पोरगं धाडलं न्हाय."