मोरूकाकांचा हवाईयन तास

हवाईयन गिटार डोंबिवलीत सगळ्यांनी ऐकली आहे, हवाईची गाणी मात्र कोणीच ऐकलेली नाहीत. माझे बाबा, म्हणजे गावभरचे मोरूकाका, चाळीस वर्षं ती गिटार मांडीवर आडवी ठेवून हिंदी सिनेमाची गाणी वाजवत आले. साखरपुडा असो, डोहाळजेवण असो, नाहीतर ठाण्याच्या टेंभी नाक्याची नवरात्र, लोकांना ओळखीचंच हवं. स्वतःची लाडकी गाणी ते घरी दार लावून वाजवायचे. दूरच्या बेटांवरची, निवांत. कुठलं चांदण्यातल्या किनाऱ्याचं, कुठलं निरोपाचं, कुठलं मासेमारीचं. ऐकायला आई आणि मी. आई गेल्यावर मी एकटी.

यंदा मी ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरींना, प्रशांत पेंडशांना, गाठलं आणि बाबांच्या या गाण्यांचा कार्यक्रम मागितला.

"अगं योगिनी, शब्द नाहीत, चाल ओळखीची नाही. लोक उठून जातील," ते म्हणाले.

"एक तास द्या. गेले उठून, तर पुन्हा तुमच्याशी भांडायला येणार नाही."

या शेवटच्या वाक्याला ते भुलले असावेत. ठरलं असं, की लोक तासभर बसले तर दर महिन्याचा दुसरा शनिवार बाबांचा. नाही बसले तर तिथे गुडघेदुखीचं व्याख्यान. बाबा चौऱ्याहत्तरचे. बोटं अजून चालतात, पण 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्याची सोय नव्हती.

शनिवारी चाळीसेक मंडळी जमली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बोटांत नख्या चढवल्या, डाव्या हातात स्टीलचा बार घेतला, डोळे मिटले आणि तार छेडली. बार सरकला तसा सूर लांबत गेला. पाच गाणी झाली. पहिल्या रांगेतले दोघे पेंगले, पण उठलं कोणी नाही. निवांत गाण्यांना पेंगणारा श्रोता वाईट नव्हे, असं मी मनाला बजावलं.

सहावं निरोपाचं गाणं सुरू असताना मोठागावचे धोंडीबा आले. उभा जन्म खाडीत होडी घातलेला माणूस. दारातच थांबले, सूर ऐकला, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. त्यांना बघून मागची रांग उभी राहिली, मग पुढची. पेंडसेही हात जोडून उभे. मला क्षणभर कळेना. मग लख्ख कळलं. या पिढीने रेडिओवर बिनशब्दांचे संथ सूर एकाच दिवशी ऐकले होते, मोठा पुढारी गेला की. ही मंडळी श्रद्धांजलीला उभी होती!

गाणं संपलं. बाबांनी डोळे उघडले. अख्खी सभा उभी. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांना वाटलं, हा मान आहे.

"कोन गेला र, मोरू?" धोंडीबांनी दारातूनच विचारलं.

बाबांचा चेहरा उतरला. पेंडशांनी घड्याळाकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडणार, तोच बाबांनी हाताने मला थांबवलं.

"कोणी गेलं नाही, धोंडीबा. माणसं परगावी निघालीत, किनाऱ्यावरची त्यांना हात करतायत. बसा सगळे. आता पुढचं ऐका, हे तुमचंच आहे. होडी परत येते आहे."

आवाजात राग नव्हता, अजिजीही नव्हती. चाळीस वर्षं लोकांच्या फर्माइशी पुरवणाऱ्या माझ्या बाबांनी पहिल्यांदाच लोकांना काय ऐकायचं ते सांगितलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की पदराने डोळे पुसायचंही सुचलं नाही.

त्यांनी मासेमारीचं गाणं धरलं. एक सूर पुढे जायचा, जरासा मागे यायचा, पुन्हा पुढे. धोंडीबा आधी ताठ बसले होते. मग त्यांचे खांदे डुलायला लागले.

"आरं, भरती पुरी झाली का पानी थांबते," ते शेजारच्याला म्हणाले, "तवा होरी अशीच हालते. वल्हा मारायचा नाय, नुसता बसायचा."

शेजारच्याने मान डोलावली. पाहता पाहता सगळी रांग डुलायला लागली. मघाशी पेंगणारे दोघेही आता टक्क जागे होते. बाहेर चहा आला होता, कपांचा आवाज येत होता, पण दाराकडे कोणी वळून पाहिलं नाही.

गाणं संपलं तेव्हा तास उलटून दहा मिनिटं झाली होती. टाळ्या थांबल्यावर धोंडीबा म्हणाले, "वन्स मोर."

बाबांनी सवयीने मला विचारलं, "सिनेमातलं कुठलं हवंय त्यांना?"

"हेच, बाबा," मी म्हणाले. "हेच हवंय."