पहिलं बोट कॅमेऱ्याला

...ठसा उठला तो तिच्याच अंगठ्याचा, काळ्या कॅमेऱ्याच्या झाकणावर, उजव्या कडेला, रेष न् रेष दिसेल असा — आणि पदराने पुसायला जावं तर पदराचाच एक बारीक धागा तिथे चिकटून बसला. शेजारच्या रुपेरी कॅमेऱ्यावर असलं काही दिसत नव्हतं. तोही तिने आत्ताच हाताळला होता, याच हातांनी, पण त्याने ते सगळं गुपचूप गिळून टाकलं होतं. काळ्याच्या पोटात काही राहत नाही, माधुरीला वाटलं, आणि स्वतःचंच हसू आलं. सकाळपासून ती या दोन यंत्रांकडे स्थळं बघावीत तशी बघत होती — हा रंगाने उजळ, तो सावळा पण पाणीदार.

आतून दोन्ही तंतोतंत सारखे. जुना कॅमेरा बदलायचा म्हणून काल जीवनने, तिच्या मावसभावाने, दोन्ही खोकी धसईच्या या दुकानात टेबलावर आणून ठेवली. तो कल्याणला कॅमेऱ्यांच्या दुकानात कामाला. "ताई, सिल्व्हर लेटेस्ट आहे, एकदम फास्ट जातोय. काळा काय, नेहमीचाच. एक ठेव, दुसरा उद्या संध्याकाळच्या गाडीला मी परत नेतो. टाइमवर ठरवून ठेव हां." आणि देवजी, तिचा नवरा, ज्याच्या नावाची पाटी या दुकानावर आहे तो, खोक्यांकडे नुसता बघून म्हणाला होता, "तूच बघ गो. मला दोनी सारखंच."

दोन्ही सारखंच! हे कोणी म्हणावं? ज्याला पाहुण्याच्या घरी दुसऱ्याचा कॅमेरा खुंटीला टांगलेला दिसला तरी तो खाली काढून डोळ्याला लावल्याशिवाय चहा गोड लागत नाही, त्याने? ...तिने मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. तो मागच्या खोलीत होता, जुने फोटो पाकिटांत भरत होता. कागदांची खसखस ऐकू येत होती. मध्येच थांबे, मग पुन्हा.

उद्या हळद आहे. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावर, गंगीच्या मुलीची, रोशनीची. आणि गंगीच्या लग्नाचे फोटोही यांनीच काढलेले, तेव्हा हे अगदीच पोरसवदा होते, मी अजून शेणव्याला बापाच्या घरी होते. पण ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी त्या मांडवात उभी होते असंच मला वाटतं. लग्न लावणारी जनाबाई, सगळ्या पाड्यांची धवळेरी, आदल्याच एका लग्नात यांना अडवून म्हणाली होती, हळदीच्या मांडवात काळं घेऊन शिरायचं नाय. कॅमेरा तर काळा. दुसरा आणायचा कुठून? मग गंगीच्या हळदीला देवजीने डोकं चालवलं, सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद गोळा केला आणि कॅमेऱ्याला आंब्याच्या खिरीने — हो, खिरीनेच, कारण खळ सांडली होती — नखशिखांत डकवला. चांगला झगमगला. जनाबाईही काही बोलली नाही. पण त्या जुन्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी एकीकडे आणि फोटो घेणारी काच दुसरीकडे. कागदाची एक कड सुटून काचेवर आली ती यांना दिसलीच नाही, आणि एकूण एक फोटोत गंगीच्या डोक्यावर कोपऱ्यातून एक पांढरी जीभ उतरलेली. पाडाभर झालं, गावदेवी लग्नाला आली. देवजी बिचारा शपथेवर सांगत सुटला, अहो कागद आहे, माझा कागद आहे! गंगीचा बाप फोटो कपाळाला लावून म्हणाला, "कागद तुजा रं, पर उजेड तिचाच." आजही तो फोटो त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

तेव्हा हसून हसून जनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, आणि तिनेच तोड काढली — काळं यायचं तर येऊ दे, पण आधी हळद लावून घेईल. तेव्हापासून ही रीतच पडली. हळदीचं ताट मांडवात आलं की पहिलं बोट कॅमेऱ्याला. जनाबाई ठेंगणी, देवजी उंच. तो कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून गुडघ्यावर बसतो, मान खाली घालतो, ती बोट ओढते. मी हे कितीदा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला आहे. शहरातून येणारे फोटोवाले लोकांना उठवतात, बसवतात, हसा म्हणतात. याने कोणाला कधी हसायला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला तो त्याच्या बैलांची नावं विचारतो. नावं सांगता सांगता माणसाचा चेहरा असा काही मऊ होतो... आणि नावं संपली की लगेच नाही, त्यानंतर जो एक श्वास घेतात, तेव्हा तो बटण दाबतो. हे कुठे शिकला? विचारलं तर म्हणतो, शिकायचं काय त्यात, बैल त्यांचे, नावं त्यांची.

बटण दाबतो... दाबायचा.

मागच्या दोन लग्नांचे फोटो कल्याणहून धुऊन आले, ते पाकीट तिनेच आधी फोडलं. चेहऱ्यांच्या कडा दुहेरी. नवरीचं कपाळ जागेवरून सरकलेलं. हललेले सगळे तिने काढून लुगड्याच्या घडीत घातले, आणि पार्टीला सांगितलं की थोडा रोल खराब निघाला. देवजीने काही विचारलं नाही. बरं झालं, विचारलं नाही, असं तिला तेव्हा वाटलं. हल्ली तो चहाचा कप उचलत नाही, टेबलावर ठेवतो आणि तोंड कपाकडे नेतो. उजवा हात मांडीखाली घालून बसतो, थंडी वाजत असल्यासारखा, या वैशाखात.

"हाय का गो घरात?"

दारात जनाबाई. बाजार आटपून निघाली होती. डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून तिने करवंदांचा एक द्रोण टेबलावर ठेवला, तो नेमका दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये. मग वाकून दोन्हीकडे पाहिलं.

"उंद्या कंचा येनार?"

"तेच ठरत नाय आजी. तुमीच सांगा."

जनाबाईने रुपेरीवरून बोट फिरवलं. "ह्यो देखना हाय. मांडवात आनलास तर माजी ना नाय." मग काळ्याकडे पाहत जरा थांबली. "पर मग माजं बोट कुटं लावू?"

माधुरी हसली. म्हातारी हसली नाही. ती माधुरीच्या हातांकडे पाहत होती.

"आन् धरनार कोन?"

"कोण म्हणजे? हेच."

"मला नको सांगू गो." जनाबाईचा आवाज खाली आला. "मागल्या खेपेला हळद लावली तवा बोटाखाली काळं हलत व्हतं. मीच डाव्या हातानं धरलं नि मंग लावली. त्यानं वर बगितलं, मीबी बगितलं. बोलायचं काय त्यात?"

ती गेल्यावरही तो वास राहिला, करवंदाच्या चिकाचा. म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे मांडवात सगळ्यांच्या देखत... आणि तो? ज्याला कितीतरी वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कुणाच्या डावीकडे उभं होतं ते आठवतं, त्याला पाकिटातले फोटो कमी झालेले कळले नसतील? वेडीच मी. त्याच्यापासून लपवतेय म्हणत होते, आणि तो माझ्यापासून लपवत होता की त्याला माहीत आहे. कालपासून त्याने या दोहोंपैकी एकालाही हात लावलेला नाही. एकदाही नाही. *तूच बघ गो.* रंग विचारतच नव्हता तो.

तिने रुपेरी उचलला आणि खाली ठेवला. काळा उचलला. दोघांचंही वजन एकदम वाढल्यासारखं वाटलं. ओळखपत्रांचे फोटो गेली काही वर्षं तीच काढते, पडद्यासमोर स्टूल, मान सरळ, झालं. पण मांडव म्हणजे मांडव. मी कोणाला बैलांची नावं विचारणार? आणि मी विचारली तर ती सांगतील? शिवाय मी यातला एक माझा म्हणून ठेवून घेतला, कुठल्याही रंगाचा, की त्या क्षणी त्याला बाजूला बसवल्यासारखंच ना... माझ्याच हाताने. काळा घेतला तर लोकांना वाटेल देवजीचाच कॅमेरा, आणि मी त्याच्याआड लपेन. रुपेरी घेतला तर जनाबाईपुढे गुडघ्यावर बसायलाच नको. तेही लपणंच. नाही म्हणून दोन्ही परत पाठवावेत? मग दुकान बंद, आणि तो दिवसभर हात मांडीखाली घालून बसलेला. ते मला बघवणार नाही.

देवजी बाहेर आला. ऊन उतरलं होतं, समोरच्या बाजारात भाजीवाल्या गोणपाटं झटकत होत्या. तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे. द्रोणातलं एक करवंद त्याने उचललं — उजव्या हाताने, तिच्यासमोर, लपवाछपवी न करता — ते थरथरत तोंडापर्यंत गेलं.

"ठरलं?"

"नाय." मग तिला राहवलं नाही. "तुमी याल ना उद्या माझ्यासोबत?"

"येईन की. मांडवात बसंन." तो जरा वेळ करवंदाची बी जिभेवर घोळवत राहिला. "पर तू मांडवात नको थांबू. तू आत जा."

"आत कुठं?"

"जनाबाय ताट घेऊन आत जाते नि दार लोटून घेते. नवरीला हळद लावतात, गातात. आमी बाप्ये भायेर." तो हसला, लाजल्यासारखा. "इतकी वर्सं त्या दाराशी उभा हाय मी. गानं सगळं पाठ झालंय. आतलं कधी दिसलं नाय. लई वाटायचं गो, एकदा दार उघडं ऱ्हावं... तू जाशील. मला दाव."

आपण याचं सगळं काढून घेतोय म्हणून मघापासून जीव टांगणीला लागला होता, आणि हा माणूस — केवढा हा माणूस! — त्याला जे कधीच मिळालं नाही ते माझ्याकडे मागतोय. आणि मी? मी त्या खोलीत किती वेळा गेले आहे, गाण्यात आवाज मिसळला आहे, स्वतःच पाटावर बसले आहे हळदीने माखून. पण आत काय असतं म्हणून कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती. चुलीचा धूर. बायका दाटीवाटीने. जनाबाई... जनाबाई कोणत्या बाजूला बसते?

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. जीवन धावत पायरीशी आला, दम लागलेला. "ताई, चल, गाडी लागली! यातला कुठला नेऊ?"

तिला ऐकू आलं होतं. पण ती अजून त्या खोलीत होती, आणि दार लोटल्यावर नवरीच्या तोंडावर उजेड नेमका कुठून पडतो, ते पहिल्यांदाच शोधत होती.