बिनहाताचा भाता

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पैज लावून सांगतो, कुणालाच वाटणार नाही. म्हणून तर मी ही गोष्ट सहसा सांगत नाही. पण त्या सकाळी संधीच तशी चालून आली. ज्याची ही गोष्ट, तो लोहार न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, तोंडभर साबणाचा फेस आणि गळ्यावर वस्तरा. हूं की चूं करायची सोय नव्हती.

विषय न्हाव्यानेच काढला. त्याची पोर दहावी झाली आणि सायन्सलाच जाणार म्हणून हटून बसली. सकाळपासून बापलेकीचं वाजलं होतं. पोर आत भांडी आपटत होती आणि बाप बाहेर गिऱ्हाइकांच्या गालांवर राग काढत होता.

"पुढे म्हणे इंजिनीयर व्हायचंय! मग दुकान कोण झाडेल? वस्तऱ्याला धार कोण लावेल? माझे हात आता थरथरतात, आबा."

हे ऐकून लोहाराने डोळे गच्च मिटून घेतले.

"अरे, पोर गेली म्हणून दुकान बसत नाही," मी म्हणालो. "विचार की या लोहाराला. नको, विचारू नकोस, बोलायला गेला तर गळा कापला जाईल. मीच सांगतो."

लोहाराची पोर, आम्ही तिला ठिणगी म्हणायचो. भट्टीचा भाता ओढायचं काम तिचं. भाता म्हणजे चामड्याचं भलंमोठं पोटच. दांडा ओढला की श्वास घेतं, सोडला की निखाऱ्यांवर फुंकर मारतं. पेरणी तोंडावर आली होती. त्या वर्षी उन्हाने रान असं भाजून निघालं होतं, की नांगराच्या फाळाने ढेकूळ फोडायचं सोडून ढेकूळच फाळाला फोडत होतं. बोथट फाळ घेऊन सगळं गाव लोहाराच्या दारात रांगेला. नेमकी तेव्हाच ठिणगीला शहरात इंजिनीयरिंगला जागा मिळाली.

"जा की," लोहार म्हणाला, "पण जाताना भाता पण घेऊन जा. इथे ओढणार कोण? मला काय चार हात आहेत?"

"कुणी न ओढता चालला तर?"

"तर जा. मी आडवा आलो तर सांग."

बोलला आणि फसला! स्वतःला कामावरून काढायचं काम पोरीने स्वतःच अंगावर घेतलं.

पहिली युक्ती माझी होती. भात्याच्या दांड्याला बोकड बांधायचा, त्याच्यापुढे हिरवा पाला टांगायचा. बोकड पाल्याकडे झेपावला की दांडा ओढला जाणार, दमून मागे आला की सुटणार. सकाळ बरी गेली. मग बोकडाने पाला सोडून दोरी खाल्ली, आणि दोरी संपल्यावर भात्यालाच चाटत बसला. भाता बोकडाच्याच कातड्याचा. ओळख पटली असणार.

"आबा, तुम्ही आता फक्त बघा," ठिणगी म्हणाली.

भट्टीच्या मागून ओढा जातो. तिने मोडक्या गाडीचं चाक काढलं, त्याला चहूबाजूंनी तेलाचे रिकामे डबे ठोकले आणि ओढ्यात उभं केलं. चाक सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं जागचं हलेना! उन्हाळ्याचं पाणी ते, घोटाभर. त्यात कसला आलाय जोर? रांगेतली माणसं खो खो हसली. बाप मात्र हसला नाही. बापाने नुसता भात्याचा दांडा तिच्याकडे सरकवला.

तिने दांडा धरला, पण नजर ओढ्यावर. एकदम मला विचारते, "आबा, धान्याचं पोतं जमिनीवरून सरकत आलं आणि तुमच्या पायाला लागलं, तर काय होईल?"

"काय व्हायचंय? बाजूला होईन."

"आणि तेच माळ्यावरून डोक्यात पडलं तर?"

"मग सांगायला मी उरेन का, बये?"

"मग मी पाण्याला ढकलायला कशाला लावतेय? पडायलाच लावते!"

तिने ओढा वरच्या अंगाला गाठला. पोखरलेले ओंडके एकापुढे एक मांडून पाणी उताराच्या कडेकडेने आणलं, ते थेट चाकाच्या डोक्यावर. वरचा डबा भरायचा, जड व्हायचा, खाली जायचा, रिता व्हायचा. तोवर मागचा भरलेला. तेच घोटाभर पाणी, पण चाक गरगर फिरायला लागलं. चाकाच्या कडेला एक खुंटी, खुंटीची दोरी भात्याच्या दांड्याला. खुंटी फिरेल तसा दांडा खाली-वर. भस्स, भस्स! माणूस नाही, बोकड नाही, आणि भाता चाललाय.

"हंऽऽ," खुर्चीतून लोहार गुरगुरला.

"हलू नकोस, कान जाईल," न्हावी म्हणाला. "बोला आबा."

मग काय विचारता! भट्टी अशी तापली, की फाळाची कणीक झाली. लोहाराने घण ठेवला आणि लाटणं घेतलं. समोरच्या झाडावरची कच्ची फळं दुपारी पिकली आणि संध्याकाळी नासली. रांगेत डुलक्या काढणाऱ्यांच्या दाढ्या बसल्या जागी उतरल्या.

"तरीच त्या उन्हाळ्यात माझ्याकडे काळं कुत्रं फिरकलं नाही," न्हावी म्हणाला. "आबा, उचलली जीभ लावली टाळ्याला!" पण वस्तरा थांबला होता. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता. त्याने हळूच विचारलं, "आणि पोर गेल्यावर? गेल्यावरही चाललं का हो ते चाक?"

"चाललं म्हणजे? ती पहाटे निघाली तेव्हा आम्ही सगळे एसटीच्या गाडीपाशी उभे. तिचा एक पाय पायरीवर, एक खाली, आणि कान भट्टीकडे. तिकडून भाता भस्स, भस्स! ऐकलं आणि बिनघोर चढली. आणि हा लोहार? घरी ओट्यावर, हाताची घडी घालून, राजासारखा! आज ती पोर धरणांचे दरवाजे बांधते. म्हणून म्हणतो, तुझ्या पोरीला जाऊ दे. शिकणारी पोर आपली जागा भरूनच जाते. बापाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही."

न्हाव्याने शेवटचा फेस पुसला. लोहाराचा गळा मोकळा झाला.

"खोटं!" तो खुर्चीतून उठलाच. "साफ खोटं!"

"काय खोटं? लाटणं?"

"लाटण्याला माझी हरकत नाही. ओट्याचं खोटं. त्या पहाटे ओढा आटला होता, आबा. चाकावर थेंब पडत नव्हता."

"आटला? अरे, मग भाता कसा वाजत होता? या कानांनी ऐकलाय मी!"

"मी ओढत होतो. दार आतून लावून." त्याने गालावरचा राहिलेला साबण बाहीला पुसला आणि माझ्याकडे नाही, न्हाव्याकडे बघितलं. "थांबलो असतो, तर पोर उतरली असती."