शेवटची छोटी

“काका, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण अशा येरझाऱ्या नका घालू. मला गरगरतं,” मॅनेजरबाई म्हणाल्या.

काका थांबले. पण थांबून करायचं काय ते कळेना, म्हणून पुन्हा चालू लागले. शोरूमच्या काचेच्या दारापासून मागच्या आवारापर्यंत, आवारातून परत दारापर्यंत. आवारात पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती. छोटी, राखाडी, सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून न काढलेली. कंपनीने हे मॉडेल बंद केलं होतं. छोट्या गाडीत आता नफा सुटत नाही म्हणे. ही शेवटची, आणि बाईंनी ती चार वाजेपर्यंत काकांसाठी अडवून ठेवली होती.

काकांचं काम नव्या गाड्या घरपोच करायचं. नोकरीला लागले तेव्हा या कामाला काय भाव होता! गाडी घ्यायला यायचं कोण? शाळामास्तर, टपाल कचेरीतले कारकून, शिंपी. एकदा तर केस कापणारा आला होता, दुकान बंद ठेवून. निम्म्यांना गाडी चालवता यायची नाही. आधी गाडी, मग शिकवणी, असा सगळा उलटा कारभार. मग काका स्टीअरिंगवर बसायचे आणि मागे अख्खं खटलं कोंबलं जायचं. आजी, पोरं, शेजारची एखादी आगाऊ बाई. “हळू हं, हळू!” म्हणत सगळे जीव मुठीत धरून बसलेले. घरी पोचल्यावर चहा घेतल्याशिवाय त्यांना कुणी सोडत नसे.

आता गिऱ्हाईक येतं ते दुसरी नाहीतर तिसरी गाडी न्यायला. रणगाड्यासारखं धूड घेतात आणि स्वतःच चालवत नेतात. मास्तर आणि शिंपी कुठे गेले, असं बाई कधीकधी विचारायच्या. काकांना ठाऊक होतं, कारण तेही त्यांच्यातलेच. दर वर्षी नवरा-बायकोने पै-पै साठवावी, वेशीपर्यंत पोचावं, तर वेस पुढे सरकलेली. एका वर्षी गाडीत हवेच्या पिशव्या आल्या, मग कॅमेरा आला, मग टीव्हीएवढा पडदा. “गाडी मागचं बघायला लागली आणि किंमत पुढे पळायला!” असं काका सगळ्यांना हसवत सांगायचे. आतून मात्र जळफळाट व्हायचा. जन्मभर लोकांच्या बायकांना नव्या गाडीतून घरी सोडलं आणि आपली बायको बसच्या रांगेत, हे त्यांना फार लागायचं.

यंदा पैसे कसेबसे जमले होते. निम्मे काकांचे, निम्मे काकूंचे. घोडं पेंड खात होतं ते तिथेच. गेल्या आठवड्यात विषय काढला तर काकू चादरीची घडी घालता घालता फटकन म्हणाल्या होत्या, “या वयात कशाला ही थेरं? कुणाला दाखवायचंय?” तिच्या पैशाला तिला न विचारता हात कसा लावणार?

काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात. फोन कपाटात ठेवून कामाला लागायचं, असा तिथला नियम. काकांनी सकाळपासून किती वेळा लावला असेल. शेवटी निरोप लिहिला: ‘छोटी शेवटची आहे. घेऊ का? चारच्या आत सांग.’

चार वाजून गेले, तेव्हा बाईंच्या टेबलासमोर एक जोडपं बसलं होतं. तो बेकरीत भट्टीवर, ती परिचारिका, मांडीवर तान्हं.

“दुसरी कुठलीच नाही परवडत हो,” ती बाईंना सांगत होती. “सगळीकडे फिरलो. ही द्याल का? आजच नेतो.”

बाई उठून काकांजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “काका, तुमचा शब्द आधीचा. बोला.”

काकांनी खिशातला फोन काढून पाहिला. काकूंचं काही उत्तर नव्हतं. म्हणजे नाहीच म्हणायचं असणार तिला. उगाच कशाला कुणाला लटकवून ठेवायचं?

“देऊन टाका त्यांना,” ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच वाटलं, किती पटकन म्हणालो आपण.

जोडप्याला गाडी चालवता येत नव्हती. किती दिवसांनी असं गिऱ्हाईक आलं! बाईंनी किल्ली काकांच्याच हातात दिली. देताना त्यांच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

गाडी लोण्यासारखी चालत होती. मागे दोघं चिकटून बसली होती. “हळू हं काका, बाळ झोपलंय.” “हळूच नेतोय, पोरी.” पुलाच्या अलीकडे फोन वाजला. काकूंचा. काकांनी गाडी कडेला घेतली.

“अहो, आत्ता बघितला निरोप!” काकूंना धाप लागली होती. “घेऊन टाका!”

“अगं, पण त्या दिवशी तू...”

“त्या दिवशी पाय ठणकत होते, बोलून गेले काहीतरी. तेव्हापासून तेच डोक्यात आहे माझ्या. खरं सांगू? मला पुढे बसायचंय, तुमच्या शेजारी. काच खाली करून. घेतलीत ना?”

काकांनी आरशातून मागच्या सीटवर पाहिलं.

“ऐकू येतंय ना? मी निघालेच आहे. घेऊनच या, मी आपल्या फाटकाशी उभी राहते.”

“उभी राहू नकोस,” काका म्हणाले. “पाय दुखतील.”

त्यांनी फोन खिशात टाकला.

“काका, घरून होता का? काही अडचण?” मागून तिने विचारलं.

“छे, छे. जेवायला कधी येताय, विचारत होती.”

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पूल ओलांडल्यावर बेकरीवाला लाजत लाजत पुढे झुकला. “काका, एक सांगू? आमच्या गल्लीत शिरताना जरा हॉर्न वाजवाल? आई खिडकीत बसली असेल.”

“वाजवतो की. त्यात काय!”

गल्ली आली. काकांनी हॉर्न वाजवला. वरची खिडकी उघडली नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा वाजवला, चांगला लांबवून, आणि ती उघडेपर्यंत हात उचलला नाही.